फुगवट्यावरची रबरी नाव

जुनी रबरी नाव घ्यायची तर पहिलं काम म्हणजे तिचे फुगे कशाचे आहेत ते ठरवणं. काही रबरी कापडाचे असतात, काही प्लास्टिकच्या कापडाचे. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, पण दोघांचा गोंद वेगळा. चुकीच्या गोंदाने लावलेलं ठिगळ अंगणात छान बसतं आणि पाण्याच्या मधोमध सुटतं. म्हणून भंगाराच्या लिलावाला जाताना मी पिशवीत पॉलिश पेपर, थिनरची बाटली, फडकं, लहान हातोडी आणि टॉर्च घेतली होती. माझी सगळी नोकरी बुलढाण्यात एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळण्यात गेली. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्या नावापुढे खूण करायची नाही, ही सवय त्यातलीच. बाकीचे लोक चहा पीत बोलीचा अंदाज घेत होते, तेव्हा मी नावेखाली आडवी झाले होते.

दुसऱ्या एका जिल्ह्यात पुराच्या कामासाठी घेतलेली आणि मग वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेली ती नाव होती. तळ फायबरचा, कडक. दोन्ही कडांना हवेचे जाड केशरी फुगे, आता उन्हाने विटून विटकरी झालेले. मागे फळीवर टांगलेलं इंजिन. फुग्याच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, मी थिनरचा बोळा घासला. प्लास्टिक असतं तर चिकट झालं असतं. झालं नाही. पॉलिश पेपरने घासल्यावर मऊ भुकटी निघाली. रबर. मग मागच्या फळीवर हातोडीने ठोकलं. कडेला टणक वाजली, मध्ये भद्द. म्हणजे आतलं लाकूड पाण्याने कुजलं होतं, ते बदलावं लागणार. शेवटी इंजिनाच्या खालचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल बोटावर घेतलं. काळं होतं. काळं चालतं. दुधासारखं झालेलं चालत नाही, कारण दुधासारखं तेल म्हणजे आत पाणी शिरलेलं.

नाव मला मिळाली. रबरी नावेचं इकडे करायचं काय, हे बाकी कुणालाच सुचलं नसावं.

मला ती ताईसाठी हवी होती. ताई माझी थोरली बहीण, विधवा, मूलबाळ नाही. तिचं गाव घाटाखाली, धरणाच्या फुगवट्यापलीकडे. धरण झालं तेव्हा भाऊजींचं सगळं शेत पाण्याखाली गेलं, घर तेवढं उंचावर म्हणून वाचलं. गावातून बाहेर यायला एक फरशी, म्हणजे ठेंगणा पूल आहे, पण पोळ्याच्या सुमाराला पाणी चढतं आणि फरशी बुडते, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडी पडते. तोवर दुसरा रस्ता म्हणजे पाण्याला वळसा घालून जाणारी, काळ्या मातीतली, ट्रॅक्टरने फाडलेली वाट. गावातले लोक सवयीने जातात. ताईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला बुलढाण्याला डायलिसिसला यावं लागे. त्या वाटेने जीपमध्ये आदळत ती पोचायची तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झालेला असे, आणि परतीची तीच वाट बाकी असे.

मी म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. एकदा नाही, दर खेपेला म्हटलं.

"मी तुया घरी राहाले येत नाई," ताई म्हणायची. "पाण्यानं वावर नेलं. आता घर बी सोडू का त्याच्यासाठी?"

"पाण्यासाठी नको, तब्येतीसाठी ये."

"तब्येत काय, आज हाय उद्या नाई. मरणं असंल त माया उंबऱ्यात मरीन. तुया तिसऱ्या मजल्यावरून मले खाली आणता आणता लोकं शिव्या देतील."

तिच्या घराच्या मागच्या दारातून पाणी दिसतं. त्या पाण्याखाली कुठे विहीर होती, कुठे बांधावरची चिंच होती, हे ती बोट करून दाखवायची. त्या दारात रोज बसणं हा तिचा हट्टच होता. पाण्याने आपल्याला हुसकावलं नाही, हे तिला पाण्याला दाखवायचं होतं. नाव असली तर ती दहाएक मिनिटांत या काठाला येणार होती. म्हणजे ताई स्वतःच्या घरात राहणार की नाही, हे त्या भंगारातल्या नावेवर होतं. तेव्हा मला हे स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणून मी ते काम बिनचूक करायचं ठरवलं.

नाव ट्रकने नांदुऱ्याला आणली. तिथे बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये जागा मिळाली आणि मोटारपंपांचा एक मिस्त्री मिळाला. हात चांगला, तोंड त्याहून मोठं. नाव बघून त्याने फुग्यावर एक बुक्की मारली.

"बाई, हे नाव हाय का लोड?"

"नाव आहे."

"मंग नवरदेव कोठी हाय? लोडाले टेकाले कोणी त पायजे."

त्याचं म्हणणं, रबर ते रबर, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं सोल्यूशन लावून टाकू, संध्याकाळी मोकळे. मी नाही म्हटलं. ट्यूब टायरच्या आत दाबलेली असते, तिचं ठिगळ कुठे जात नाही. इथे ठिगळ उघडं राहणार, आणि आपल्याकडच्या उन्हात ते सोल्यूशन मऊ पडतं. मी मुंबईहून दोन भागांचा गोंद मागवला होता, त्यात कडक करणारं द्रव्य मोजून मिसळायचं असतं. भर दुपारी लावला तर तो ब्रशवरच सुकतो, म्हणून आम्ही दिवस उजाडताच काम करायचो आणि ऊन चढलं की थांबायचो. फुगे साबणाच्या पाण्याने धुवायचे, बुडबुडे येतील तिथे खडूने गोल करायचा, जागा घासायची, पुसायची, गोंदाचे पातळ हात द्यायचे, सुकू द्यायचे, मग ठिगळ.

हवेवरून आमचं रोज भांडण व्हायचं. मिस्त्री आयुष्यभर टायरमध्ये हवा भरत आलेला. मी नांदुऱ्यातल्या मुक्कामाच्या खोलीवर गेले की तो फुगे दगडासारखे टणक करून ठेवायचा.

"हवा टाईट पायजे बाई. ढिली हवा म्हंजे ढिला माणूस."

"दुपारी पत्र्याखाली हवा आणखी फुगते. शिवण फाटेल."

"फाटली त मी शिवून देतो. माई बायको म्हशीनीवर बसते."

शेवटी मी पायाने मारायचा हवेचा पंप रोज बरोबर घेऊन जायला लागले. पंप नाही तर हवा नाही. मिस्त्री चिडला, पण मग दुपारचे फुगे सैल राहिले आणि शिवणी वाचल्या.

मागची फळी कापून काढली तेव्हा आतलं लाकूड ओल्या चहापत्तीसारखं हातात आलं. तिथे पाण्यात टिकणारं प्लायवूड बसवलं, त्यावर फायबरचे थर. इंजिनाचा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलने चिकटला होता, तो उकलून धुतला. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढणारा छोटा रबरी पंखा असतो, त्याच्या पात्या कडक होऊन तुटल्या होत्या, नवीन बसवला. पेट्रोलचा पाईप नवा, गिअरचं तेल नवं, सीलसुद्धा नव्या. मग इंजिन लोखंडी घोडीवर टांगून खाली पाण्याचा ड्रम ठेवला आणि मिस्त्रीने दोरी ओढली. बऱ्याच ओढण्यांनंतर ते निळा धूर सोडत सुरू झालं आणि बाजूच्या नळीतून पाण्याची बारीक धार पडू लागली. ती धार म्हणजे इंजिन श्वास घेतंय. मिस्त्रीने त्या धारेखाली हात धरला आणि डोळ्यांना लावला.

सामानही मी एकेक करून जमवलं: लाईफ जॅकेटं, दोन वल्ही, नांगर आणि दोर, पाणी उपसायची बादली, आग विझवायचा छोटा सिलिंडर, शिट्टी, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरी. माणूस पाण्यात पडला की ती दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद होतं.

राहिली परवानगी. धरणाच्या पाण्यात खासगी नाव चालवायची म्हणजे अर्ज फिरतच राहणार. ताईच्या गावच्या सरपंचांनी तोडगा काढला.

"मॅडम, नाव ग्रामपंचायतीच्या नावावर करा. गावाची नाव म्हटलं की कोणी आडवं येत नाई. पयला हक्क तुमच्या ताईचाच. मी जबान देतो ना!"

दुसरा मार्ग दिसत नव्हता, पोळा जवळ आला होता. नाव गावाची झाली. चालवायला सरपंचांनी आपला पुतण्या दिला, तिशीतला, पोहणारा, बरा माणूस होता. मी त्याला सगळं शिकवलं आणि स्टिअरिंगपुढच्या फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नियम लिहिले. सहापेक्षा जास्त माणसं नाहीत. जॅकेटशिवाय कुणी नाही. लाल दोरी मनगटाला. बाजूच्या धारेवर लक्ष, धार थांबली तर इंजिन लगेच बंद. आणि शेवटचा: दोर, जाळं, कापड इंजिनाजवळ पाण्यात सोडायचं नाही.

पहिल्या फेरीला ताई नऊवारीवर केशरी जॅकेट घालून बसली, एका हातात डॉक्टरांच्या कागदांची पिशवी, दुसऱ्या हाताने फुगा घट्ट धरलेला. मध्यावर आल्यावर ती खाली वाकून पाण्यात बघायला लागली. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं?"

"काई नाई. आपल्या विहिरीवरून जाऊन राह्यलो," ती म्हणाली. आणि मग, "हे जाकीट काढू नको म्हणते तू. डॉक्टरले वाटंल म्हातारी सरकशीतून आली."

ती त्या दिवशी बुलढाण्याला पोचली तेव्हा चेहरा राखेसारखा नव्हता. संध्याकाळी ती आपल्या घरी होती आणि मागच्या दारात बसून तिने मला फोन केला, नुसतं पोचली सांगायला. असे काही आठवडे गेले. माझ्या बाजूच्या काठावर मी किंवा ऑटोवाला उभा असायचा, समोरून नाव निघायची. चांगले दिवस होते.

मग धरण काठोकाठ भरलं आणि जलपूजनाचं ठरलं. आपल्याकडे धरण भरलं की पाण्याची ओटी भरतात: साडी, खण, नारळ, तांदूळ. मोठे साहेब येतात, फोटो निघतात. पूर्वी काठावरूनच व्हायचं. या वर्षी गावाकडे नाव होती.

दिवस नेमका ताईच्या डायलिसिसचा. मी आदल्या दिवशी सरपंचांना फोन केला.

"अर्ध्या घंट्याचं काम हाय मॅडम. ताईले पयले सोडतो, मंग सायेब."

सकाळी मी ऑटो घेऊन काठावर उभी होते. समोर मंडप दिसत होता, भोंगा इकडेपर्यंत ऐकू येत होता. नाव झेंडूच्या माळांनी मढवली होती. ती निघत नव्हती. मी ताईला फोन लावला.

"निघाली का?"

"कायची निघते? खुर्चीवर बसवली मले. म्हणे मावशी, सायेब आले का लगेच."

"साहेब कुठे आहेत?"

"मले काय इचारते? मी काय त्याईची शेक्रेटरी हाय?"

"सरपंचांना दे फोन."

"थो फेटा बांधून राह्यला. त्याले आता कोणी दिसत नाई."

ऊन चढलं. साहेब आले ते दुपारकडे. मी इकडून मोजलं तर नावेत सहाच्या दुपटीने माणसं चढली. जागा व्हावी म्हणून दोन्ही वल्ही काठावर टाकली, हे मला नंतर कळलं. फळीवरच्या माझ्या नियमांवरून झेंडूचा जाड हार सोडलेला होता, हेही नंतर, फोटोत दिसलं. नाव मधे जाऊन थांबली. मी ताईला पुन्हा फोन लावला.

"वटी भरून राह्यली सरपंचीन," ती म्हणाली. "हिरवी साडी हाय, जरीच्या काठाची. भारी हाय बापा." मग म्हणाली, "वावर माह्यं गेलं पाण्यात, अन् वटी ती भरते."

विधवेला ओटीला कोण बोलावणार. ताईला हे माहीत होतं. तरी तिने ते मोठ्याने म्हटलं.

"इंजिन चालू आहे का गं?"

"हाव. घरघर आयकू येते."

"त्याला सांग, बंद कर म्हणावं!"

"मी इथून कोकलू का? भोंग्यापुढं माया आवाज जाईन का?"

पुढच्या बाजूला साहेब आणि फोटोवाले, म्हणून ओटी मागून सोडली. इंजिनाच्या कडेने. साडी पाण्यावर पसरली असेल क्षणभर, सुंदर दिसली असेल. मग इंजिनाचा आवाज बदलला. तो आवाज मला या काठावर कळला. खोल गेला, दाटला आणि बंद पडला. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. नाव पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यावरची साडी कापून काढली असती, तासाभरात नाव चालली असती. पण साहेबांसमोर नाव बंद पडली म्हणजे गावाची लाज. पुतण्याने पुन्हा दोरी ओढली. सुरू झालं, त्याने जोर दिला. साडीने पाणी ओढायची जाळी झाकून टाकली होती, बाजूची धार बंद होती, पण धारेकडे बघायचं हे हाराखाली झाकलेलं होतं. तिसऱ्या खेपेला किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही.

वल्ही काठावर. साहेब भर पाण्यात अडकलेले. शेवटी थर्माकोलच्या तराफ्यांवरून मासे धरणारे गेले आणि त्यांनी माळांनी सजवलेली नाव ओढत आणली. भोंग्यावर जयजयकार चालूच होता.

ताईला कुणाच्या तरी जीपने मातीच्या वाटेने आणलं. ती पोचली तेव्हा श्वास लागला होता, पायावर सूज होती, तिला दाखल करून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साधंच सांगितलं: ठरल्या दिवशी पोचण्याची खात्री नसेल तर त्यांना तिथे ठेवू नका.

मिस्त्रीला मी नांदुऱ्याहून बोलावलं. पंख्यावरून साडी कापून काढायला त्याला बराच वेळ लागला, ती दोरखंडासारखी पिळली होती. गिअरचं तेल काढलं. दुधासारखं. वरचं झाकण उघडलं तर पिस्टन जागेवरच चिकटलेला.

"बाई," तो म्हणाला, "मेलं हे."

"नवा पिस्टन?"

"या मॉडेलचा? भेटला त म्युझियममधी भेटंल. नवं इंजिनच पायजे."

नवं इंजिन ग्रामपंचायतीने घ्यायचं, कारण नाव ग्रामपंचायतीची. सरपंच म्हणाले, पुढच्या सभेत ठराव घेऊ. पुढच्या सभेनंतर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, मग नाव मला परत द्या. तर म्हणाले, गावाची वस्तू अशी कशी देता येईन मॅडम? साडीमुळे झालं असं कुणी म्हणालं नाही. उलट गावात म्हणतात, धरणमायने वटी ओढून घेतली, मान घेतला. मी एकदाच म्हटलं की मान नाही, पिस्टन घेतला. कुणी हसलं नाही.

दवाखान्यातून ताई थेट माझ्या तिसऱ्या मजल्यावर आली. तिचं सामान मी आणलं, तीही वळशाच्या वाटेनेच. मागच्या दाराला कुलूप लावताना पाणी अगदी पायरीशी होतं.

बुलढाणा घाटावर. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते. ताई ठरल्या दिवशी दवाखान्यात जाते, पायीसुद्धा जाऊ शकते. तब्येत बरी आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

उन्हाळ्यात फरशी उघडी पडली. मी म्हटलं, चल, दोन महिने घरी राहून ये, मी येते बरोबर.

"आता कायले? पाणी सरकलं का जा, चढलं का या. त्याच्या तालावर घर उघडू अन् लावू?" मग तिने माझ्याकडे नीट बघून सांगितलं, "तू नाव आणली नसती त मी जीपीनं येत जाता येत जाता मेली असती, नाई त हारून तुयाकडं आली असती. एकदाच. तू आशा लावली. नुसती."

नावेचं प्रत्येक काम मी बिनचूक केलं होतं, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

नाव पंचायतीच्या आवारात आहे. फुगे बसलेत, तिच्यात मिरच्या वाळत घालतात. ठिगळ मात्र अजून एकही सुटलेलं नाही.

या पावसाळ्यात धरण पुन्हा भरत आलं आणि सरपंचांचा फोन आला. "मॅडम, हवेचा पंप तुमच्यापाशी हाय म्हणे. सायेब येऊन राह्यले जलपूजनाले. नाव काठावर उभी करायची हाय, फोटोपुरती. दोन दिवस पंप द्या."

पंप कपाटातच होता. तो माझ्या नावावर राहिला होता. मी म्हटलं, पंप बिघडला आहे, आणि फोन ठेवला.

ताई आतून ऐकत होती. "खोटं काऊन बोलली?" ती म्हणाली. "त्याईले भेतं का तू? देत नाई म्हण."

मी परत फोन लावला. सरपंचांनी उचलला तेव्हा मागे मंडप ठोकल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं, पंप चांगला आहे आणि मी देत नाही. ते काही विचारत होते तेवढ्यात ताईने हात पुढे केला, फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, "अन् वटीची साडी पाठवान त माया घरी पाठवजा. मी नेसतो."